दुरुस्तीचे दप्तर

मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्ग आणि गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारा लोहमार्ग हे दोन्ही ज्या गावाला स्पर्श करून जातात, त्या सडक अर्जुनी तालुक्यातील सौंदड या गावाशी माझा संबंध जन्माचा आहे. पूर्वीच्या अखंड भंडारा जिल्ह्यातील निरनिराळ्या टपाल कचेऱ्यांत माझी उमेदीची वर्षे खर्ची पडली. तथापि सेवानिवृत्तीनंतर जो काळ माझ्या स्वाधीन राहिला, तो याच गावातील वडिलोपार्जित घराच्या पडवीत, जुने व्हॉल्व्हचे रेडिओ उघडून, स्वच्छ करून आणि शक्य तेथे पुन्हा बोलते करून घालवावा, असा संकल्प मी केला व आजवर तो यथाशक्ती पाळला. माझ्या नोंदवहीत आज एकतीस संचांची नोंद आहे. त्यांपैकी तेवीस बोलतात, पाच माझ्या ज्ञानाच्या मर्यादेमुळे मुके राहिले आहेत, आणि तिघांचे अवयव इतरांच्या उपयोगी पडले आहेत.

हा नाद मला लागला तो संगीताच्या ओढीने किंवा यंत्रांच्या आवडीने लागला असे म्हणता येणार नाही. त्याचे मूळ एका सरकारी वहीत आहे. १९३३ च्या बिनतारी संदेशवहनाच्या कायद्यान्वये घरात रेडिओ बाळगण्यास परवाना लागत असे, आणि तो परवाना देण्याचे व दरवर्षी त्याचे नूतनीकरण करण्याचे काम टपाल खात्याकडे होते. १९६९ साली मी खात्यात कारकून म्हणून रुजू झालो तेव्हा हेच काम माझ्या वाट्याला आले. वर्षाचे पंधरा रुपये भरून घ्यावेत, परवान्याच्या पुस्तिकेत तिकीट चिकटवावे, त्यावर तारखेचा शिक्का उमटवावा, आणि वहीत परवानाधारकाचे नाव, गाव, संचाचे नाव व क्रमांक लिहून ठेवावेत. मुदत टळून गेलेल्यांना तगाद्याची पत्रे पाठवावीत. मर्फी, फिलिप्स, बुश, जीईसी, एचएमव्ही, नॅशनल एको ही नावे मी शेकडो वेळा लिहिली; कोणत्या गावात, कोणत्या घरी, कोणता संच आहे हे मला मुखोद्गत होते, पण त्यांपैकी बहुतेकांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. पुढे १९८० च्या दशकाच्या मध्यास ही परवाना-पद्धत रद्द झाली आणि ज्या वह्यांत एका संपूर्ण प्रदेशाच्या श्रवणाचा हिशेब लिहिलेला होता, त्या मुदतबाह्य दप्तर म्हणून यथानियम निकालात निघाल्या. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. परंतु वह्या गेल्या तरी त्यांत लिहिलेले रेडिओ कोठे गेले, हा प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला.

त्याचे उत्तर मला पुष्कळ वर्षांनी मिळाले. ते रेडिओ माळ्यांवर गेले होते. ट्रान्झिस्टरचा लहानसा संच खिशाला परवडू लागला, तो शेताच्या बांधावर नेता येऊ लागला, आणि ज्या लाकडी पेटीसाठी भिंतीत खास फळी ठोकलेली असे ती पेटी प्रथम कोपऱ्यात, मग धान्याच्या कोठीवर आणि अखेरीस कौलांखालच्या अंधारात गेली. आमचा मुलूख भाताचा; येथील पावसाळा दीर्घ, हवा दमट, आणि जेथे धान्य तेथे उंदीर. त्यामुळे मी आजवर उघडलेल्या संचांत उंदराची घरटी, कुंभारीण माशीने स्पीकरच्या पोटात बांधलेली मातीची घरे, आणि पत्र्यावर मूत्राने चढलेला हिरवट गंज ही सामग्री जवळजवळ ठरलेलीच असते.

पहिला संच मला २००९ साली एका जुन्या मालगुजार घराण्याच्या वाड्यातून मिळाला, आणि तो मी स्वतःच्या हाताने मारला. ही गोष्ट मी आवर्जून सांगतो, कारण जे काही मी पुढे शिकलो ते सर्व त्या एका अपराधातून शिकलो. बाहेरून पेटी उत्तम होती, तबकडीची काच अखंड होती, आणि उत्सुकतेच्या भरात मी ती फडक्याने पुसून सरळ विजेला जोडली. क्षणभर तबकडीमागचा दिवा उजळला. पाठोपाठ एक खोल घुमणारा आवाज आला, तो वाढत गेला, आणि पेटीच्या मागच्या छिद्रांतून डांबराच्या वासाचा काळा धूर निघाला. मी प्लग उपसेपर्यंत ट्रान्सफॉर्मर जळून गेला होता. नंतर उघडून पाहिले तेव्हा कळले की फ्यूजच्या जागी फार पूर्वी कोणीतरी जाड तार गुंडाळून ठेवली होती. ती तार लावणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नव्हता; पाहण्याचे काम माझे होते आणि मी पाहिले नव्हते. चाळीस वर्षे ज्याने पैसे मोजल्याशिवाय पावती फाडली नाही, त्याने येथे मात्र तपासणीपूर्वीच शिक्का मारला होता.

असे का झाले, हे समजून घेण्यासाठी मी वर्षभर वाचन केले. अशा संचात विजेचा प्रवाह एकसुरी करणारे जे मोठे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर असतात, त्यांच्या आत ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा एक अतिसूक्ष्म थर असतो, आणि तो थर हाच त्यांचा रोधक असतो. संच नित्य वापरात असेपर्यंत विजेच्या दाबाने तो थर टिकून राहतो; संच वर्षानुवर्षे पडून राहिला म्हणजे तो हळूहळू क्षीण होतो, आणि अशा कंडेन्सरला एकाएकी पूर्ण दाब मिळाला तर प्रवाह त्यातून आरपार धावतो. उलटपक्षी, तोच दाब थोडाथोडा, तासागणिक वाढवीत दिला, तर पुष्कळदा तो थर पुन्हा बनतो. दीर्घ उपोषण सोडणाऱ्याला आपण प्रथम पातळ पेज देतो, पंगतीला बसवीत नाही. तोच न्याय येथे आहे. म्हणून माझ्या पडवीत आता प्रत्येक संचाला पहिली वीज मिळते ती मध्ये शंभर वॅटचा तंतूचा दिवा घातलेल्या सिरीज बोर्डावरून. संचात कोठे शॉर्ट असेल तर तो दिवा लख्ख पेटतो आणि सगळा आघात स्वतःवर घेतो. दिवा क्षणभर उजळून मंदावला, तर समजावे की पुढे जाण्यास हरकत नाही.

परंतु दिव्यापर्यंत पोचण्याआधीचे काम पुष्कळ असते. मागची पाटी काढल्यावर मी काही दिवस कशालाही हात लावीत नाही. केवळ पाहतो आणि लिहितो. कोणता व्हॉल्व्ह कोणत्या बैठकीत आहे, कोणत्या तारेचे रबर कोळपून गळून पडत आहे, कोणता सांधा मूळ कारखान्याचा आणि कोणता नंतरच्या हाताचा आहे, हे सर्व वहीत येते. डायलची दोरी तुटलेली असेल तर तिच्या मार्गाचे चित्र काढल्याशिवाय तिचे तुकडे काढीत नाही. कारण ती दोरी चकतीला किती वेढे घेते आणि कोणत्या कप्पीवरून कोणत्या दिशेने जाते, हे एकदा विसरले की आठवडा वाया जातो. नवी दोरी मी जाळी विणणाऱ्या एका ढिवर गृहस्थाकडून घेतो. सुताची, घट्ट पिळाची आणि राळ चोळलेली दोरी नायलॉनसारखी घसरत नाही. फाटलेल्या स्पीकरचा कोन पतंगाच्या कागदाने आणि पातळ गोंदाने सांधतो. पेटीच्या लाकडाला चपडी लाखेचे पॉलिश देतो. आमच्या जिल्ह्यात पळसावर लाख पिकते. एके काळी ज्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर आपण गाणी ऐकली त्याही लाखेच्याच होत्या. तेव्हा लाख देणाऱ्या रानातील त्या किड्याचा आणि आपल्या कानांचा संबंध फार जुना आहे, असा विचार लाकडावर पुडी फिरवताना नेहमी मनात येतो.

आतल्या भागांपैकी एकाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण तो आकाराने करंगळीएवढा आणि अनर्थाने सर्वांत मोठा आहे. आवाज मोठा करणाऱ्या शेवटच्या व्हॉल्व्हकडे, म्हणजे उदाहरणार्थ ईएल-८४ कडे, आधीच्या टप्प्यातून आवाजाची लहर नेणारा कागद व मेण यांचा एक लहान कंडेन्सर असतो. त्याचे कर्तव्य असे की लहर पुढे जाऊ द्यावी, परंतु आधीच्या टप्प्यावरील उच्च दाब मात्र अडवून धरावा. आमच्या दमट हवेत कागदात ओल शिरते, तो दाब थोडाथोडा झिरपू लागतो, व्हॉल्व्हची जाळी ऋणाऐवजी धन होते, आणि त्यातून मर्यादेबाहेर प्रवाह वाहू लागतो. ऐकणाऱ्याला प्रारंभी काहीच कळत नाही. आवाज किंचित फाटका येतो इतकेच. पण आत व्हॉल्व्ह भाजत असतो आणि त्याच्या मागोमाग आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. म्हणून हा एक भाग मी कधीही तपासून पाहण्याच्या भानगडीत पडत नाही, सरळ बदलतो.

याहून जपण्यासारखी गोष्ट म्हणजे एसी-डीसी संच. त्यांत ट्रान्सफॉर्मर नसतो. यूसीएच-८१, यूएल-८४, यूवाय-८५ अशा नावांच्या व्हॉल्व्हचे तंतू गणपतीच्या दिव्यांच्या माळेप्रमाणे एकापाठोपाठ जोडलेले असतात आणि त्यांपैकी एक तुटला की सर्व विझतात. खर्चाच्या दृष्टीने ही योजना उत्तम होती. परंतु तीत आतला लोखंडी सांगाडा विजेच्या एका तारेशी थेट जोडलेला असतो, आणि प्लग उलटा बसला तर तो सांगाडा जिवंत होतो. बाहेरच्या बटणाचे बॅकेलाइट फुटून आतील पितळी दांडा उघडा पडला असेल, तर त्याला बोट लावणे म्हणजे तारेलाच बोट लावणे. अशा संचांवर मी तांबडी चिठ्ठी चिकटवतो, आणि बाजूस लोक बसले असतील तर ते उघडीत नाही.

खरे सांगायचे तर सर्वांत अधिक वेळ यंत्राच्या म्हातारपणात जात नाही, तो पूर्वीच्या अर्धवट दुरुस्तीत जातो. एका संचात सर्व व्हॉल्व्ह उत्तम, सर्व दाब योग्य, तरीही केंद्र लागेना. तीन आठवड्यांनी लक्षात आले की आयएफटीच्या, म्हणजे इंटरमीडिएट फ्रिक्वेन्सी ट्रान्सफॉर्मरच्या, डब्यांतील चारही गाभे तळापर्यंत पिळलेले आहेत. ज्याला आपण ढिले स्क्रू समजू, ते वस्तुतः ४५५ किलोहर्ट्झवर नेमके जुळवलेले गाभे असतात; कोणीतरी ते सद्भावनेने घट्ट केले होते. सद्भावना आणि ज्ञान यांची फारकत झाली म्हणजे काय होते याचे इतके स्पष्ट उदाहरण मला अन्यत्र क्वचितच आढळले. उलट दुसऱ्या एका संचाच्या तळाशी पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलेले सापडले की अमुक रेझिस्टन्स बदलला, जुना जळला होता, आणि खाली १९६२ मधील एक तारीख. सही नव्हती. परंतु त्या दीड ओळीने माझे चार दिवस वाचले, आणि त्या अनाम कारागिराला मी मनोमन नमस्कार केला.

माझ्या या नादाला एक जोडीदार मिळाला तो अनपेक्षित स्थळी. माझा भाचा नोकरीनिमित्त शिकागोजवळ राहतो. त्याने आपल्या घराच्या तळघरात एक जुने पिनबॉल यंत्र आणले आणि त्याच्या दुरुस्तीविषयी तो मला लिहू लागला. आपल्याकडे मुले फळीवर खिळे ठोकून काचेची गोटी उडवीत, त्याच जातीचा हा खेळ. उतरत्या पाटावर स्प्रिंगच्या दांड्याने गोळी उडवण्याची कल्पना माँटेग्यू रेडग्रेव्ह या सिनसिनाटीतील गृहस्थाने १८७१ साली पेटंट केली, आणि गोळी खाली घरंगळू नये म्हणून तिला परत टोलवणारे विजेचे पंख १९४७ साली शिकागोच्या गॉटलिब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात प्रथम आले. न्यूयॉर्क शहराने तर हा खेळ जुगार समजून १९४२ पासून १९७६ पर्यंत बंदीखाली ठेवला होता. आमच्या रेडिओला परवाना लागे आणि त्यांच्या खेळावर बंदीचा हुकूम होता. दोन्ही वस्तूंनी सरकारी कागद पाहिला होता, हे वाचून मला त्या यंत्राविषयी एकदम जवळीक वाटली.

पुढे पत्रांतून लक्षात आले की दोन्ही यंत्रांच्या रोगांची लक्षणेही सारखीच आहेत. त्याच्या यंत्रात शेकडो लहान पट्ट्या एकमेकींना टेकून व सुटून गुण मोजतात. माझ्या संचात बँड-स्विचच्या पट्ट्या तेच करतात. त्याचे रबर कडक होऊन तडकते, माझ्या तारांचे रबर भुगा होते. “मामाजी, पट्टीला कानस लावू नका,” असे त्याने लिहिले, “वरचा चांदीचा मुलामा गेला की ती पट्टी कायमची गेली, जाड कागद मध्ये धरून अलगद ओढा.” मी लग्नपत्रिकेचा जाड कागद कापून स्पिरिटात बुडवला आणि ज्या बँड-स्विचची मी आशा सोडली होती तो दुसऱ्या दिवशी निर्मळ झाला. त्याची फेड मी एका मतभेदाने केली. त्याला पाटावरील झिजलेले चित्र संपूर्ण नव्याने रंगवायचे होते. मी लिहिले की जेथे रंग उडून लाकूड उघडे पडले असेल तेवढेच भर; बाकी ज्या ठिकाणी हजारो वेळा गोळी आपटून पाट विटला आहे, तो विट हाही त्या यंत्राचा दाखला आहे, तो खोडू नकोस. त्याला हे पटण्यास बराच काळ लागला. अखेर त्याने अर्धे माझे ऐकले, अर्धे स्वतःचे. वस्तू त्याची असल्यामुळे हा निवाडा मला मान्य आहे.

माझ्या पडवीत मात्र मी हा नियम काटेकोर पाळतो. काही जाणकार जुन्या कंडेन्सरची नळी पोकळ करून तीत नवा भाग लपवतात, म्हणजे उघडून पाहणाऱ्याला सर्व मूळचेच वाटते. त्यांचे कौशल्य मोठे आहे; पण मला ते रुचत नाही. नवा भाग नवाच दिसावा. काढलेला भाग कापडी पिशवीत घालून त्याच पेटीच्या कोपऱ्यात बांधावा, आणि मागच्या पाटीच्या आतील बाजूस एक कागद चिकटवून त्यावर दिनांक, काय काढले, काय घातले, कोणत्या ठिकाणी किती दाब मोजला, आणि कोणती गोष्ट आपल्याला उमगली नाही, हे स्वच्छ अक्षरांत लिहावे. शेवटची बाब मी विशेष आग्रहाने लिहितो. पुढे जो कोणी हा संच उघडील त्याला माझ्या यशापेक्षा माझ्या अज्ञानाची माहिती अधिक उपयोगी पडेल. टपाल खात्यात एका हातातून दुसऱ्या हातात पत्र जाताना प्रत्येक मुक्कामाचा शिक्का पाठीवर उमटत असे. या पेट्याही प्रवासातच आहेत, आणि माझी पडवी हा त्यांचा एक मुक्काम आहे.

गेल्या काही वर्षांतील एक प्रसंग सांगतो. जवळच्या एका गावातील वृद्ध बाई आपल्या नातवाकरवी सायकलवर बांधून एक संच घेऊन आल्या. “मास्तरजी, याच्यात जीव हाय का जी?” एवढेच त्यांनी विचारले. संच मला नावाने आठवला. परवान्याच्या वहीत तो मी अनेकदा लिहिला होता. चार महिने लागले. काम पुरे झाले त्या संध्याकाळी त्या आल्या, मी सिरीज बोर्डावरून वीज दिली, व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले, केंद्र नीट लागले की नाही हे दाखवणाऱ्या मॅजिक आयची हिरवी पट्टी उमटली, आणि काटा ५८५ किलोहर्ट्झकडे नेताच आकाशवाणीचे नागपूर केंद्र लागले. हे केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले, म्हणजे माझ्याच वयाचे. आवाज येताच त्या बाई पुढे सरकल्या, आणि संचाकडे न पाहता त्यांचा हात थेट डावीकडच्या खालच्या बटणाकडे गेला व त्यांनी सूर थोडा जाड केला. “असाच होता,” असे त्या म्हणाल्या. माझ्या वहीत त्या संचाच्या नोंदीखाली मी तेवढेच लिहिले आहे: स्वर मालकिणीने तपासला, योग्य आढळला.

माझी दृष्टी आता पूर्वीसारखी राहिली नाही आणि डाख देताना हातही किंचित कापतो. गावातील दोन मुले सुटीच्या दिवशी येऊन बसतात. त्यांना मी प्रथम पकड किंवा पेचकस देत नाही, वही देतो. आठ-दहा संच नुसते पाहून लिहिल्यावर त्यांच्या हाती हत्यार येईल. तोवर वाचकांस माझी एक विनंती आहे. आपल्या घरी माळ्यावर किंवा कोठीमागे असा एखादा संच पडला असेल, तर तो भंगारवाल्यास वजनावर देऊ नका. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हौसेने त्याचा प्लग विजेला लावू नका. तो खाली उतरवा, मागची पाटी काढा, आत उजेड पाडून काय दिसते ते एका कागदावर लिहा, आणि तो कागद आतच ठेवून पाटी पुन्हा लावा. दुरुस्त करणारा पुढेमागे मिळेल. त्याला तुमचा कागद मिळाला पाहिजे.